घट्ट की सरळ

गुडघा बदलणं म्हणजे निव्वळ सुतारकाम, असं माझे औषधं देणारे डॉक्टर मित्र म्हणतात. म्हणतात ते माझ्याच खोलीत बसून, माझाच चहा पीत. करवत, हातोडा, छिन्नी हे सगळं आमच्या ट्रेमध्ये असतं, त्यामुळे फारसं भांडताही येत नाही. पूर्वी मी चिडायचो. आता एवढंच सांगतो, की बाबांनो, सुतारकाम हा या ऑपरेशनचा सोपा भाग आहे. हाड कापायला साचा असतो, साच्याला खाच असते, खाचेत करवत घालायची आणि चालवायची. हातात थोडी कला असलेला कोणताही पोरगा ते लवकर शिकतो. हाडं कापून झाली की मग खरा प्रश्न समोर येतो, आणि त्याला साचा नसतो.

माझा दवाखाना नारायणगावात, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. खाली पेशंट आणि वर आम्ही. सुरुवातीची वर्षं सगळी मोडलेल्या हाडांची होती. टोमॅटोचा हंगाम लागला की रस्त्यावर टेम्पोंची आणि जीपची जी झुंबड उडायची, ती थोडीफार माझ्या दारात येऊन थांबायची. गुडघे बदलायला लागलो ते नव्वदच्या दशकाच्या शेवटीशेवटी. तोवर आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसाचा गुडघा गेला म्हणजे माणूस ओसरीवर गेला, असाच हिशेब होता. गुडघा नवीन बसवतात, हे ऐकून लोक माझ्याकडे संशयानं बघायचे.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. एका आडत्यानं मला सरळ विचारलं होतं, "माल खराब निघाला तर बदलून देनार का?" ऑपरेशन झालं की काढलेलं हाड ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवायची आमच्याकडे रीतच आहे. नाही दाखवलं तर डॉक्टरनं आत काय केलं यावर विश्वास बसत नाही. एका म्हातारबाबांनी बायकोचं हाड बराच वेळ निरखलं आणि मला अगदी गंभीरपणे विचारलं, "हे जाळायचं का पुरायचं?"

पण माझ्या धंद्याचं मर्म मला सांगितलं ते सवाऱ्या भरून नेणाऱ्या एका वडाप जीपच्या ड्रायव्हरनं. आईला टेबलावर घेण्याआधी त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "अलायमेंट तेवढी नीट बघा, राव. नायतर टायर एका बाजूनं खातोय." मी पुढे शिकाऊ डॉक्टरांना हेच वाक्य सांगत आलो. पाय वाकडा राहिला तर नवा सांधाही एका बाजूनं खातो.

आता त्या साचा नसलेल्या भागाविषयी. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे असतात, एक आत, एक बाहेर. पुस्तकात त्यांना अस्थिबंध म्हणतात. ओपीडीत मी त्यांना दोऱ्या म्हणायचो. आमच्याकडच्या बायकांचं आयुष्य उकिडवं बसून खुरपण्यात जातं आणि म्हातारपणी पाय बाहेरच्या बाजूला कमानीसारखे वाकतात. तसे वाकले की आतली दोरी आखडते आणि बाहेरची ताणून सैल होते. हाडं कापून तुम्ही लाखमोलाचा सांधा बसवाल, पण दोऱ्या त्याच जुन्या राहतात. त्या दोन्ही बाजूंना सारख्या ताणाच्या नसतील, तर पेशंट उभा राहिला की गुडघा लचकतो.

हे तपासायचं कसं? कापलेल्या दोन हाडांच्या मधे एक ठोकळा सरकवायचा. एका हातानं मांडी धरायची, दुसऱ्यानं घोटा, आणि पाय आत ढकलायचा, बाहेर ढकलायचा. ठोकळ्याच्या शेजारी किती फट उघडते ते बघायचं. दोन्हीकडे नख जाईल एवढी उघडली की समाधान. मग गुडघा काटकोनात वाकवून पुन्हा तेच. सरळ असताना छान आणि वाकवल्यावर डगमग, असेही गुडघे असतात. आता म्हणे यंत्रं आली आहेत, पडद्यावर आकडे दाखवतात. तेव्हा आमच्याकडे ठोकळा होता आणि हात होता.

आतली दोरी फारच आखडलेली निघाली तर ती नडगीच्या हाडापासून छिन्नीनं थोडी थोडी सोडवायची. सोडवायची, ठोकळा घालायचा, ढकलून बघायचं, पुन्हा थोडी सोडवायची. ज्यानं बाजेची नवार विणली असेल त्याला हे काम कळेल. फरक एवढाच, की नवार सैल झाली तर पुन्हा ओढता येते. ही दोरी जास्त सुटली तर ती परत धड बसत नाही. मग मधे खुंटी असलेला वेगळ्या जातीचा सांधा लागतो, जो दोरीचं काम स्वतःच करतो. त्या काळी सांधे कंपनीचा माणूस पुण्याहून पेट्यांमधून आणायचा. खुंटीची पेटी पुण्यातल्या मोठमोठ्या दवाखान्यांतच फिरत असायची. आमच्या वाट्याला साधी पेटी यायची, आणि तिच्यातच भागवावं लागायचं.

हिराबाई माझ्याकडे आल्या त्या महाळुंगे पडवळहून. बरोबर मुलगा संपत, भोसरीला कंपनीत कामाला, आणि दीर, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं. बोलत होते तात्याच. गुडघा कधीपासून दुखतो, हे मी बाईंना विचारलं आणि तात्यांनी सांगितलं. जिना चढता येतो का विचारलं, तेही तात्यांनीच सांगितलं. शेवटी मी त्यांच्याकडे पाठ करून बाईंना विचारलं, की तुम्हाला या गुडघ्याकडून काय हवंय?

"मला काय लांब चालायचं न्हाई, डाक्टर," त्या म्हणाल्या. "मालकांना उचलायचंय."

त्यांच्या नवऱ्याला, नानांना, अर्धांगवायू झालेला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. माणूस अंगानं दांडगा. बाजेवरून उचलून कमोडच्या खुर्चीवर, तिथून अंगणात, तिथून पुन्हा बाजेवर, हे सगळं हिराबाई एकट्या करत होत्या.

"दुसरं कुणी नाही का उचलायला?" मी विचारलं.

"हायेत की. पर दुसऱ्या कुनी हात लावला की ते वरडत्यात. बोलता येत न्हाई ना, मंग निस्तं वरडायचं. आन् मंग दिसभर भिताडाकडं तोंड करून पडायचं. जेवत सुदीक न्हाईत."

संपत हळू आवाजात म्हणाला, "मी म्हणतोय दोघंबी भोसरीला चला. बाई ठेवू कामाला."

"तिसऱ्या मजल्यावर?" हिराबाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "सकाळच्याला त्यांना अंगणात बसवावं लागतं. रान दिसलं म्हंजी गप ऱ्हात्यात. तुज्या खिडकीतनं काय दिसतं? म्होरची बिल्डिंग."

उचलता कसं ते दाखवा, असं मी म्हटलं. आमचे कंपाउंडर लाजत लाजत तपासणीच्या टेबलावर आडवे झाले. हिराबाईंनी पदर खोचला, डावा गुडघा टेबलाच्या कडेला टेकवला, कंपाउंडरच्या काखेतून हात घातले आणि अंगाला एक पीळ देऊन त्यांना बसतं केलं. पिळाच्या त्या क्षणाला सगळा भार डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूवर आला आणि बाईंचा चेहरा पांढरा पडला. तरी हात सुटले नाहीत. मला जे बघायचं होतं ते मी बघितलं. ती आतली दोरी हे या बाईचं सगळं भांडवल होतं. ती गेली की नाना भिंतीकडे तोंड करून मरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि आता मलाही.

जाताना तात्या दारात थांबले. "पाय सरळ करा, डाक्टर. बाकीचं आमी बघतो. लोकं बघायला येनारेत."

हे त्यांनी उगीच सांगितलं नव्हतं. आमच्याकडे पेशंट घरी गेला की अख्खी वाडी बिस्किटांचे पुडे घेऊन भेटायला येते आणि पांघरूण वर करून पाय बघते. पाय सरळ असेल तर डॉक्टर चांगला. दुखायचं थांबलं का, हे नंतर कधीतरी. माझं नाव त्या पट्ट्यात झालं ते सरळ पायांमुळे, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

ऑपरेशन सकाळी होतं. कमरेत भूल दिली. या भुलीत कमरेखालचा भाग बधिर होतो आणि वर माणूस टक्क जागा असतो. मधे हिरवा पडदा. पडद्याच्या अलीकडे आम्ही ठोकत असतो आणि पलीकडे पेशंटच्या गप्पा चालू असतात. हिराबाई आमच्या लता सिस्टरला सारख्या वेळ विचारत होत्या. "त्यांची उठायची वेळ झाली का? जाऊबाईला सांगून आलेय, आधी डाव्या कुशीवर घ्या म्हनून. करतीय का न्हाई कुनाला ठावं."

हाडं कापून झाली. ठोकळा घातला, पाय ढकलून बघितला. अपेक्षेप्रमाणे बाहेरची बाजू उघडत होती आणि आतली गच्च होती. छिन्नी घेतली, थोडी दोरी सोडवली, पुन्हा बघितलं. अजून थोडी सोडवली. पाय बराच सरळ आला, पण पूर्ण नाही. कमान थोडी राहिली होती. पुस्तकाप्रमाणे आणखी एक पायरी बाकी होती. दोरीचा मुख्य पट्टा जिथे खाली हाडाला चिकटलेला असतो, तिथून तो सोडवायचा.

मी तिथे बोटानं दाबून बघितलं आणि थांबलो. हाड इतकं मऊ होतं, की अंगठ्यानं खळगा पडला असता. अशा हाडावरून पट्टा थोडासा सुटत नाही. सुटायला लागला की अख्खा निघतो. मग मी घोटा धरला आणि पायाला तो पीळ दिला, जो त्यांनी कंपाउंडरला उचलताना दिला होता. आतली बाजू नखाएवढी उघडली आणि थांबली. आत्ता, या घडीला, तो गुडघा धरत होता. आणखी एक पायरी गेलो तर पाय सुतासारखा सरळ आणि दोरी कदाचित माझ्या हातात. खुंटीची पेटी पुण्यात.

भुलीचे डॉक्टर म्हणाले, "सर, बाहेर विचारून घ्या."

आमच्याकडची पद्धत ही अशी आहे. आत काही वेगळं करायची वेळ आली, की मास्क खाली ओढायचा, दार अर्धवट उघडायचं आणि बाकावर बसलेल्या पुरुष माणसांना विचारायचं. कागदावर सही त्यांची असते. उद्या कटकट झाली तर तेच येणार असतात. शेकडो वेळा मी तसं केलंय आणि सगळेच करतात. बाक काय सांगणार हेही मला माहीत होतं. बाक म्हणणार होता, सरळ करा.

मला तेव्हा नेमका कशाचा राग आला, हे आज सांगता येणार नाही. दिवसभर नानांना उचलणार ही बाई, आणि मी विचारायला जाणार बाहेर. मी पडद्यावरून मान पुढे केली.

"हिराबाई, ऐकू येतंय का?"

"येतंय की. मगासधरनं तुमची ठोकाठोकी ऐकतेय."

मी त्यांना ओपीडीतल्या भाषेत सगळं सांगितलं. आतली दोरी आखडलीय. आणखी सोडवली तर पाय सरळ होईल, पण हाड मऊ आहे, दोरी निसटू शकते. मग उचलताना गुडघा आत लचकेल. इथेच थांबलो तर धरून राहील, पण पाय थोडा वाकडा राहील आणि सांधा आतल्या बाजूनं लवकर झिजेल.

"किती दिस टिकंल?"

"ते मी सांगू शकत नाही. सरळ केलेला जास्त टिकतो, एवढं नक्की."

मग प्रश्न आला, "मालकांना धरून हुबी ऱ्हाईन का?"

"आत्ता जसा आहे तसा ठेवला तर राहाल."

"मंग घट्टच ऱ्हाऊ द्या. वाकड्या पायाला काय मला आता सोयरीक बघायचीय?"

लता सिस्टर हसली. भुलीचे डॉक्टर हसले नाहीत. मी छिन्नी ट्रेमध्ये ठेवली आणि सांधा बसवायला घेतला.

वॉर्डात आणल्यावर तात्यांनी सर्वांत आधी पांघरूण वर केलं. "हे वाकडं ऱ्हायलंय."

"थोडं राहिलंय. त्यांनीच तसं सांगितलं."

"कुनी?"

"तुमच्या वहिनींनी. मी विचारलं त्यांना."

तात्या माझ्याकडे बघतच राहिले. "आमी बाहेर बसलो व्हतो ना? बाईमानसाला इचारून आपरेशन करता व्हय तुमी?" संपत ट्रेमधलं हाड बघत उभा होता.

पुढची कथा गावानं लिहिली. बिस्किटांचे पुडे आले, पांघरूण वर झालं आणि निकाल लागला. नारायणगावच्या डॉक्टरनं हिराबाईचा पाय वाकडाच ठेवला. महाळुंग्याहून माझ्याकडे गुडघे यायचे बंद झाले. मंचरला एका लग्नात एका ओळखीच्या माणसानं मला हसत हसत विचारलं, "काय डॉक्टर, अर्ध्यात सोडलं म्हणे काम?" मी त्याच्या ताटातल्या जिलबीकडे बघत उभा राहिलो. मला ते लागलं. अजूनही लागतं.

पण गुडघा धरत होता. त्यांच्या गावाशेजारी एकदा वास्तुशांतीला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी केली. सकाळची वेळ होती. नाना अंगणात खुर्चीवर, समोर कांद्याचं रान. हिराबाईंनी मला थांबायला सांगितलं, पदर खोचला आणि माझ्यासमोर त्यांना खुर्चीवरून उचलून सावलीत ठेवलं. गुडघा तसूभर हलला नाही. "बगा," एवढंच त्या म्हणाल्या. मी खूष झालो, अगदी पोरासारखा. नाना मात्र माझ्याकडे एकटक बघत होते. त्यांना मी आवडलो नव्हतो. आपल्याला उचलतात हे परक्यानं बघावं, याचा राग असावा.

काही वर्षं अशीच गेली. नाना जगले. इतके जगतील असं कुणाला वाटलं नव्हतं, मलाही नाही. अर्धांगवायूची माणसं पाठीला जखमा होऊन जातात. नानांच्या पाठीवर एक ओरखडा नव्हता. त्याची किंमत हिराबाईंचा गुडघा देत होता.

मी बोलावलं की त्या एक्स-रे फोटोला यायच्या, टाळत टाळत. एका फोटोत मला आतल्या बाजूला, नडगीच्या हाडावर बसवलेल्या सांध्याच्या तबकडीखाली, बारीक काळी रेघ दिसली. पुढच्या फोटोत रेघ जाड झाली होती आणि तबकडी कलली होती. जीपवाल्याचा टायर खात होता. मी त्यांना म्हटलं, आता हा सांधा काढून दुसरा घालू या, पुण्याला जाऊ, मी स्वतः बरोबर येतो. हाड शिल्लक आहे तोवर करायला हवं.

"कांदं निघू द्या," त्या म्हणाल्या.

कांदे निघाले. मग म्हणाल्या, थंडी जाऊ द्या, थंडीत त्यांना लई जपावं लागतं. थंडी गेली. गुडघ्याला फडकं करकचून बांधून त्या पुन्हा आल्या. सूज होती, आणि वेदना किती होती ते त्यांनी सांगितलं नाही. मी टेबलावर हात आपटून ओरडलो. म्हटलं, थोडे दिवस जाऊबाई बघतील नानांचं, काही मरत नाहीत ते!

"जाऊबाई करील की. ते करून घ्यायचं न्हाईत." माझा आवाज खाली येण्याची वाट बघून त्या म्हणाल्या, "तुमी तवा मला सांगितलं व्हतं, लवकर झिजंल म्हनून. मी काय इसरले न्हाई. तुमी वरडू नका."

मी चुकीच्या माणसावर ओरडत होतो. ज्याच्यावर ओरडायला हवं होतं, तो महाळुंग्याच्या अंगणात बसून रान बघत होता, आणि त्याला ओरडून उपयोग नव्हता.

उन्हाळ्यात एका सकाळी जीप दवाखान्याच्या पायरीला लागली. मागच्या सीट काढून हिराबाई आणि नाना दोघांना खालीच गोधड्यांवर आडवं केलेलं होतं. बाजेवरून उचलताना गुडघा खाली बसला होता. हिराबाई पडल्या आणि नाना त्यांच्या बाजूला, फरशीवर. वॉर्डबॉयनं नानांना हात लावला तेव्हा त्यांचं ते ओरडणं मी पहिल्यांदा ऐकलं. रस्त्यावरची माणसं थांबली. स्ट्रेचरवरून हिराबाई म्हणाल्या, "मी हाय, मी हितंच हाय," आणि ते थांबलं.

नानांचा खुबा मोडला होता. हिराबाईंच्या गुडघ्यात तबकडी हाडात रुतून बसली होती आणि आतली दोरी तुटली होती. आम्ही दोघांच्या कॉट एका खोलीत शेजारी लावल्या. बायकांचा वॉर्ड, पुरुषांचा वॉर्ड हा आमचा नियम तेव्हा मोडला. खुब्याचं ऑपरेशन करायला हवं होतं, पण नानांची छाती पहिल्याच दिवशी कफानं भरली. भुलीच्या डॉक्टरांनी नको म्हटलं. ते बरोबर होते. पुण्याला हलवायचं म्हटलं तर त्यांचं मत होतं की नाना वाटेतच जातील.

तात्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. आवाज चढवला नाही, आणि म्हणूनच जास्त लागलं. "त्या दिशी आमाला इचारलं असतं तर हे झालं नसतं, डाक्टर. तिला काय इचारायचं व्हतं? तिला निस्तं ह्यांचंच पडलेलं."

संपत मागे उभा होता. तो म्हणाला, "डॉक्टर, खरं सांगा. सरळ केला असता तर टिकला असता का?"

मी त्याला खरं तेच सांगितलं, की मला माहीत नाही. सरळ करताना दोरी निघाली असती, तर त्याची आई पहिल्याच महिन्यात पडली असती. निघाली नसती, तर तो गुडघा कदाचित आजही नीट असता. फट नखाएवढी आहे की दोन नखं आहे, हे माझा हात सांगू शकतो. उद्या, परवा, पाच वर्षांनी काय, हे कुणाचाच हात सांगत नाही. या धंद्यात मला सगळ्यात जास्त छळलं असेल तर या गोष्टीनं. मला वाईट वाटत होतं, तात्यांचा राग येत होता, आणि तात्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो, हेही कळत होतं. पण हिराबाईंना विचारलं त्याचा पश्चात्ताप मला तेव्हा झाला नाही आणि आजही नाही. त्यानंतर जागा असलेला पेशंट टेबलावर असताना मी बाकाला विचारायला बाहेर गेलेलो नाही.

हिराबाईंचा गुडघा पुढे पुण्याला बदलला. खुंटीचा सांधा बसला, पाय छान सरळ झाला. गावातले लोक बघायला आले आणि त्यांचं समाधान झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच आहे.

नाना गेले ते त्याआधीच, माझ्या दवाखान्यात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी. हिराबाईंनी शेजारच्या कॉटवरून हात लांब करून त्यांचा हात धरलेला होता. गेल्याचं सर्वांत आधी त्यांनाच कळलं आणि त्यांनीच सिस्टरला हाक मारली. रडल्या नाहीत. भावकीची माणसं आली, बाहेर टेम्पो उभा राहिला. आमच्या त्या खोलीच्या दारातून स्ट्रेचर वळत नाही, माणसाला हातावरच बाहेर न्यावं लागतं. चौघं पुढे झाले, तात्या डोक्याकडे. कुणी पायाला धरलं, कुणी चादरीला. पहिल्या झटक्यात चादर सरकली, नानांची मान मागे लोंबकळली आणि उजवा हात कॉटच्या दांडीवर आपटला. चौघंही गडबडून थांबले. पडले त्या सकाळची घाई सोडली तर इतक्या वर्षांत त्यांच्यातल्या कुणीही त्या माणसाला उचललेलं नव्हतं.

हिराबाई कोपरावर उठल्या. पायाला ताण द्यायला वजन बांधलेलं होतं, त्यामुळे त्यांना आणखी वर उठता येईना.

"भावजी, थांबा."

तात्या नानांची मान हातात घेऊन उभे होते. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी वहिनीकडे बघितलं आणि म्हणाले, "वैनी, कसं धरू, सांगा."

"आधी तो उजवा हात पोटावर घ्या, तो लोंबतो त्यांचा. हां. आता मानंखाली तुमचा दंड येऊ द्या, निस्ता पंजा नको. संपत, तू कंबर धर, बाळा. दोनी हातानं. वडू नको, त्यांना वडलेलं सोसत न्हाई." त्या थोडं थांबल्या, सगळ्यांचे हात बघून घेतले. "आता सगळ्यांनी एकदम. हळू उचला."